आम्ही की आपण?



गेल्या वेळच्या अंकात "ईमेल आला, आली की आलं" यावर जी जुंपली होती ती वाचून फार मजा आली. माझं मत विचाराल तर माझा ईमेल येतो, सौ.ची येते आणि आमच्या आईचं येतं. एकाच घरात तीन लिंगं नांदताहेत आणि कोणाचं काही अडत नाही. पण त्या वादामुळे एक गोष्ट लिहायचा धीर आला. व्याकरणाच्या एका चुकीने आमच्या घरात यंदा चांगलंच अडलं होतं. चूक लिंगाची नव्हती. एका साध्या सर्वनामाची होती.

आम्ही टॅम्पिनीसला राहतो. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: तेंपिनिस नावाचं एक कठीण लाकडाचं झाड इकडे असायचं, त्यावरून हे नाव.) आमची धाकटी नऊ वर्षांची आहे. शाळेत सगळं इंग्रजीतून. मातृभाषा म्हणून हिंदी घेतलीय. इथल्या शाळांत भारतीय मुलांना तमिळ किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एक घेता येते. मराठी त्या यादीत नाही. म्हणजे मराठी फक्त घरात, तीही आमची ऑफिसातून थकून आलेली मराठी. तिचे शब्द ऐकण्यासारखे असतात. "बाबा, मी पझल सॉल्व्हलं." "माझे शूजेस कुठेत?" "आजी, मी तुला वेट करते." पूर्वी मी प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचो. अगदी मास्तरासारखा.

या मार्चमध्ये माझी आई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आली. पहिले काही दिवस छान गेले. मग आमच्या लक्षात आलं की आई बाहेर पडत नाही. शनिवारी-रविवारी आम्ही तयार होऊन निघालो की म्हणायची, "तुम्ही या जाऊन. मी बसते, कुकर लावते." आम्हाला वाटलं गुडघे दुखत असतील, उकाडा सोसत नसेल. एक-दोनदा आग्रह केला, मग सोडून दिलं. आपल्याला पण निमित्त हवंच असतं ना.

असे तीन आठवडे गेले. एका शनिवारी रात्री लेक आजीला म्हणाली, "आजी, आम्ही उद्या पासिर रिसला जाणार आहोत. आम्ही वाळूचा किल्ला करणार."

"करा हो. मजा करा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली, फावडं, पाण्याच्या बाटल्या, सगळं दाराशी आलं. आई घरच्या साडीत, भाजी निवडत बसलेली. मी म्हटलं, "आई, तू अजून तयार नाही झालीस?"

"मला कुठे कोण चल म्हणालं?"

"अगं, काल ती सांगत होती की."

"आम्ही जाणार म्हणाली ती. आपण जाणार नाही म्हणाली."

सौ. म्हणाली, "आई, अहो, ती तुम्हाला धरूनच बोलत होती." त्यावर आई काहीच बोलली नाही. पुन्हा भाजी निवडायला लागली. तिच्या त्या गप्प बसण्यात मला गेले तीन आठवडे दिसले.

आता खरी लाज वाटायची गोष्ट सांगतो. मी मनातल्या मनात उजळणी केली, तेव्हा लक्षात आलं की पोरगी एकटी असं बोलत नव्हती. गुरुवारी मीच म्हणालो होतो, "आई, आम्ही शुक्रवारी बाहेर जेवायला जायचं ठरवलंय." मनात वाक्य इंग्रजीत तयार झालं होतं. इंग्रजीला एकच 'वी' आहे, त्याचं मी डोळे मिटून 'आम्ही' केलं. साताऱ्यात वाढलेला माणूस मी! वीस वर्षांपूर्वी माझ्या तोंडून हे वाक्य आलं नसतं.

तर मंडळी, आता थोडं व्याकरण. घाबरू नका, परीक्षा नाही.

मराठीत ऐकणाऱ्याला वगळून बोलायचं तर 'आम्ही', आणि ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर 'आपण'. आमचा-आपला, आम्हाला-आपल्याला, आमच्याकडे-आपल्याकडे, सगळीकडे ही जोडी चालते. शाळेत आपण नऊ सर्वनामं पाठ केली होती: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यात 'आम्ही' वेगळं नव्हतंच, ते 'मी'चं अनेकवचन. आणि 'आपण' म्हणजे आत्मवाचक, किंवा मग आदरार्थी ("आपण कुठून आलात?"). हा धरण्या-वगळण्याचा फरक मला तरी कोणी फळ्यावर लिहून शिकवल्याचं आठवत नाही. तरी साताऱ्यातलं चार वर्षांचं पोरही त्यात चुकत नाही. हा नियम पुस्तकातून येत नाही, कानातून येतो. म्हणून कान बदलले की तो आधी जातो.

गंमत म्हणजे मराठीत हा फरक क्रियापदातही शिरलाय. "जाऊ या" म्हटलं की समोरचा आत आलाच. "आपण जाऊ या" म्हणता येतं, "आम्ही जाऊ या" म्हणून बघा, जीभ अडखळते. पाहुण्याला आपण म्हणतो, "आमच्या घरी या." पाहुणा उंबरा ओलांडून आत आला की, "आपलंच घर समजा." दोन वाक्यांमध्ये सर्वनाम बदललं, आणि त्या बदलण्यालाच पाहुणचार म्हणतात. नवी सून सासरी "आमच्याकडे असं नसतं" म्हणते तेव्हा भांड्यांचा आवाज का वाढतो, हे कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. आणि ज्या दिवशी ती "आपल्याकडे" म्हणते तो दिवस सासूच्या बरोबर लक्षात राहतो.

लेकीच्या हिंदीतही हा फरक नाही. प्रमाण हिंदीत दोन्हीला 'हम'. (भोपाळ-इंदूरकडे बोलताना 'अपन' म्हणतात, पण ते शाळेच्या पुस्तकात कुठलं यायला.) म्हणजे तिला शाळेत दोन भाषा मिळाल्या आणि दोघींकडे एकच खिसा. गुजरातीत मात्र 'अमे' आणि 'आपणे' आहेत. तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनम', मल्याळममध्ये 'ञंगळ' आणि 'नम्मळ'. म्हणजे दख्खनेत आणि दक्षिणेत हा फरक पिढ्यान् पिढ्या राबतोय. आपल्या मराठीत तो द्राविडी शेजारामुळे पक्का झाला असं बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांचं मत आहे. शब्द मात्र दोन्ही संस्कृत-प्राकृतातून आलेले. 'आपण'चं मूळ 'आत्मन्'. भिंती आपल्या, पण खोल्यांची वाटणी शेजाऱ्याचं घर बघून केलेली.

असो. तर त्या रविवारी आम्ही सगळेच पासिर रिसला गेलो, आईसुद्धा आली. पण मी एक मूर्खपणा केला. गाडीतच लेकीला झापलं. "आम्ही नाही म्हणायचं, आपण म्हणायचं, किती वेळा सांगायचं?" खरं म्हणजे मी तिला हे एकदाही सांगितलेलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "ओके, देन आय विल जस्ट टॉक इन इंग्लिश." आणि तसंच केलं. पुढचे चार-पाच दिवस आजीशी खुणांनी आणि इंग्रजीत. आजीला इंग्रजी येत नाही हे तिला पुरतं माहीत होतं. आधी एका सर्वनामाने आजी बाहेर राहिली होती, आता माझ्या दुरुस्तीने नात बाहेर गेली.

त्या आठवड्यात लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरच्या मलाय माकचिक भेटल्या. (माकचिक म्हणजे मलायमध्ये मावशी-काकू.) आईशी त्यांची हसण्या-हातवाऱ्यांची मैत्री झाली होती. "युअर मदर दिस फ्यू वीक्स नेव्हर कम डाउन, व्हाय?" मी आपलं मोडकंतोडकं सांगितलं, की आमच्या भाषेत 'वी'ला दोन शब्द आहेत, आणि मुलगी चुकीचा वापरते. मला वाटलं आता दहा मिनिटं समजवावं लागणार. त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"आह, कामी अँड किता! सेम सेम. यू ऑल से कामी, शी वेट फॉर किता."

मी बघतच राहिलो. मलायमध्ये 'कामी' म्हणजे आम्ही, 'किता' म्हणजे आपण. इतकी वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं, आणि रोज कानावर पडत होतं! सिंगापूरच्या राष्ट्रगीतात, जे झुबिर सईद यांनी १९५८ साली रचलं, सुरुवातीलाच 'किता' आहे. चला, आपण सगळे, असा त्याचा सूर. आणि शाळेत रोज म्हणतात ती प्रतिज्ञा, जिचा मसुदा एस. राजरत्नम यांनी १९६६ साली केला, ती मलायमध्ये 'कामी'ने सुरू होते. तमिळ प्रतिज्ञेत मात्र 'नाम', म्हणजे आपण. इंग्रजीतला तोच एक 'वी', पण मलाय करणाऱ्याला वाटलं आम्ही जगाला सांगतोय, तमिळ करणाऱ्याला वाटलं आपण एकमेकांना सांगतोय. दोघंही बरोबर. आपल्या संविधानाची मराठी उद्देशिका 'आम्ही' म्हणते, तेही त्याच चालीवर: उभं राहून जाहीर करतानाचं 'आम्ही'.

मग मला नादच लागला. मार्केटमधल्या कॉफीवाल्या अंकलला विचारलं. त्यांची बोली होकियेन. तिच्यातही दोन आहेत: 'लान' म्हणजे आपण, 'गुन' म्हणजे आम्ही. उत्तर चीनच्या मँडरिनमध्येही 'वोमेन' आणि 'झानमेन' असा भेद आहे, पण इथे बहुतेक सगळं 'वोमेन'वर भागवतात. १९७९ साली इथे मँडरिन बोला मोहीम सुरू झाली आणि होकियेनसारख्या बोली घराघरांतून मागे पडत गेल्या. अंकल म्हणाले, नातवाला 'लान' कळत नाही.

म्हणजे बघा, आमच्या एका ब्लॉकमध्ये मराठी, तमिळ, मलाय, होकियेन, चार घरच्या चार भाषा. चारही भाषांत आपण वेगळं आणि आम्ही वेगळं. आणि या चौघांनी एकमेकांशी बोलायला जी भाषा घेतली, इंग्रजी, नेमकी तिच्यातच तो फरक नाही. तिने आम्हाला एकत्र आणलं हे खरंच आहे. ती नसती तर माकचिकशी मी बोललो कसा असतो? पण चारही आज्या आपापल्या नातवंडांपुढे एकाच जागी अडकल्या आहेत.

इंग्रजीत हे होऊच शकत नाही असं मात्र नाही. पापुआ न्यू गिनीत टोक पिसिन नावाची भाषा आहे. तिचे बहुतेक शब्द इंग्रजीतून घेतलेले. पण ती बोलणाऱ्या लोकांच्या मूळ भाषांत हा फरक होता आणि त्यांना तो सोडवेना. मग त्यांनी इंग्रजीच्याच विटा घेऊन नवे शब्द बांधले. 'यू' आणि 'मी' जोडून 'युमी': तू आणि मी, म्हणजे आपण. आणि 'मी'ला 'फेलो'चं 'पेला' लावून 'मिपेला': म्हणजे आम्ही. शेजारच्या वानुआतूने १९८० साली स्वतंत्र झाल्यावर जे राष्ट्रगीत घेतलं, त्याचं नावच 'युमी, युमी, युमी'. शब्द उसने, पण व्याकरण आपलं. मला हे फार आवडलं.

आमच्या कॉफीच्या दुकानातही तेच चालतं म्हणा. 'कोपी ओ कोसोंग पेंग': कोपी मलाय, ओ म्हणजे काळी, होकियेन, कोसोंग म्हणजे रिकामी, अर्थात बिनसाखरेची, पुन्हा मलाय, आणि पेंग म्हणजे बर्फ, होकियेन. शब्दामागे शब्द लावत जायचं, जसे आपण घर, घरा, घरात, घरातला, घरातल्याला करत जातो. व्याकरणाचं पुस्तक कोणी उघडत नाही आणि कॉफी कधी चुकत नाही.

इथे मला माझ्या लेकीचं "सॉल्व्हलं" आठवलं. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन बाईंनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवायचं, म्हणायचं हा 'वग'. मग दोन दाखवायचे आणि विचारायचं, आता काय आहेत? मुलं म्हणायची, 'वग्ज'. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. म्हणजे मुलं नुसते शब्द पाठ करत नाहीत, नियम उचलतात. आता "पझल सॉल्व्हलं" पुन्हा ऐका. 'पझल' तिने नपुंसकलिंगी धरलं, 'सॉल्व्ह'चा मराठी धातू केला, भूतकाळात क्रियापद कर्माशी जुळवून घेतलं: कोडं सोडवलं, तसं पझल सॉल्व्हलं. इंग्रजी शब्द एकच होता, बाकी सगळं यंत्र मराठी. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. त्यांना हे दाखवलं असतं तर शब्दाला नाक मुरडलं असतं कदाचित, पण नियमाला पूर्ण गुण दिले असते. मी मात्र त्या वाक्यावर लाल रेघ मारत होतो. आणि ज्या वाक्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता, "आम्ही उद्या पासिर रिसला जाणार आहोत", त्याला मी शुद्ध मराठी म्हणून पास करत होतो. खरी इंग्रजी त्याच वाक्यात लपली होती.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझं ते पेरू-बिरू राहू दे." (मी पापुआ म्हटलं होतं.) "तिला मी बघते." दुसऱ्या दिवशी तिने बेसनाचे लाडू केले आणि दोन डबे भरले. एकावर बोट ठेवून म्हणाली, "हा आमचा डबा. मोठ्या माणसांचा. हा आपला. तुझा आणि माझा." लेकीने विचारलं, "मग बाबा?" "बाबाला आपल्यातला द्यायचा की नाही, ते आपण ठरवू." पोरीचे डोळे चमकले. संध्याकाळी मी डब्याला हात लावला तर ओरडली, "बाबा! तो आमचा आहे!"

आणि मंडळी, ते 'आमचा' एकदम बरोबर होतं. कारण मी बाहेर होतो.

नियम सांगितला नाही, चूक काढली नाही. कोण आत, कोण बाहेर, एवढं लाडवांनी दाखवलं. त्यानंतर ती अधूनमधून चुकते, पण स्वतःच थांबते: "आम्ही... नाही, आपण." मी आता दुरुस्त करत नाही. एकच करतो, स्वतः बोलताना लक्ष ठेवतो. खरं सांगतो, तेच जास्त कठीण जातंय.

मे महिन्यात आईला सोडायला चांगीला गेलो. आत जायच्या काचेपाशी लेक आजीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आजी, आम्ही इथेच थांबतो. तू दिसेनाशी होईपर्यंत."

व्याकरण अचूक होतं. आई आत गेली होती आणि आम्ही बाहेर होतो. त्या दिवशी चुकली असती तरी मला चाललं असतं.

तर आता तुम्हाला एक विनंती. आज घरी गेल्यावर जेवताना फक्त ऐका, 'आम्ही' किती वेळा येतं, 'आपण' किती वेळा, आणि टेबलापाशी कोण बसलेलं असताना. आधी स्वतःचं ऐका, मग मुलांचं. काय सापडलं ते जरूर लिहा. आणि तुमच्या मुलांनी बनवलेले "सॉल्व्हलं" छापाचे शब्दही पाठवा. हसायला नाही, जपून ठेवायला.

चू. भू. द्या. घ्या.

आपला (हो, आपलाच),
एक टॅम्पिनीसकर